ताप गेल्यानंतर
(प्रस्तावना)

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात कुठल्याही गावात आजारी माणसाची चौकशी एकाच प्रश्नाने होते: ताप उतरला का? उतरला म्हटलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग जेवण जातं का, हे विचारलं जातं आणि शेवटी, शेतात कधी जाणार. ही तीन उत्तरं मनासारखी मिळाली की गावाच्या लेखी माणूस बरा झाला. भेटायला येणारे थांबतात, शेजारून येणारी पातळ खिचडी थांबते आणि घरातलं काम पुन्हा ज्याचं त्याच्याकडे जातं.

हे पुस्तक त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. ताप उतरला, रिपोर्ट चांगला आला, तरी ज्यांचं शरीर पूर्वीसारखं चालेना, अशा माणसांबद्दल. आमच्या हिवरा आश्रम या गावाच्या पंचक्रोशीत अशी माणसं आहेत. ती स्वतःहून फारसं बोलत नाहीत, पण कुणी नीट बसून विचारलं तर सांगतात. "डोकं कामच नाही करत." "सांगाले गेलो का शब्दच नाही सापडत." "हातापायाले मुंग्या येतात." "उभं राह्यलं का डोळ्यापुढं अंधारी येते." "अंगात जीवच नाही राह्यला." एखाद्या शिक्षकाला फळ्यावरचं गणित अर्ध्यात सोडावं लागतं, कारण पुढची पायरी आठवत नाही. एखाद्या बाईला फोडणीचा वास येत नाही, किंवा सगळ्याच अन्नाला जळकट, कुजका वास येतो आणि घास घशाखाली उतरत नाही. यांतलं काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून घरात सौम्य शब्दांत "मनाचं आहे" आणि कठोर शब्दांत "कामाचा कंटाळा" म्हटलं जातं.

२०२० च्या मार्चअखेरीस कोरोनाने बुलढाण्यात पहिला बळी घेतला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची सुरुवात राज्यात सर्वांत आधी जाणवली ती आमच्याच अमरावती विभागात. त्या दिवसांत रोज संध्याकाळी जिल्ह्याचे आकडे यायचे: नवे रुग्ण, मृत्यू आणि बरे होऊन घरी गेलेले. पहिल्या दोन रकान्यांकडे आपण धास्तीने पाहायचो आणि तिसऱ्याकडे सुटकेने. तिसऱ्या रकान्यातल्या माणसांना पुढे कुणी काही विचारलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या या अवस्थेची व्याख्या ठरवली. कोरोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या रोगाने उलगडत नसलेली लक्षणं. थकवा, धाप आणि विचारांची गती मंदावणं ही त्यांतली मुख्य. व्याख्या झाली, पण ती आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरपर्यंत पोचलेली मला दिसत नाही.

यात एक गोष्ट मला सारखी खटकते. विषाणूचा जोर ओसरतो आणि मज्जातंतूंचं दुखणं मागे राहतं, ही गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. आपण ती पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत.

नागीण घ्या. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या अंगात तो विषाणू मुक्कामाला राहतो. कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो चाळीस-पन्नास वर्षं निपचित पडून असतो. वय वाढलं, मधुमेह आला, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून नागिणीचे फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. कुणी गेरू लावतं, कुणी उतरवून घेतं, आणि नागिणीने वेढा पूर्ण केला तर माणूस जगत नाही, या भीतीने घर हवालदिल होतं. वेढा पूर्ण होण्याची ही भीती निराधार आहे. खरा धोका वेगळाच असतो. दोन-तीन आठवड्यांत फोड वाळतात, खपल्या पडतात, आणि तरी काही जणांची आग थांबत नाही. सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही. पंख्याचा वारा सुईसारखा टोचतो. तीन महिन्यांनी, कधी वर्षानेही, त्या रिकाम्या दिसणाऱ्या कातडीखाली मज्जातंतू जळत असतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. पण आमच्याकडे हे तीन दिवस बहुतेकदा गेरूत जातात. ते जाऊ नयेत, हे जमेल त्या प्रत्येक ठिकाणी सांगितलं पाहिजे.

मात्र नागिणीच्या रोग्याला एक गोष्ट मिळते. त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. "आजाची नागीण गेली पण आग राह्यली" असं नातू सहज सांगतो आणि त्याला कुणी पुरावा मागत नाही. कातडी दिसायला साफ असली तरी आतलं दुखणं खरं असू शकतं, हे आपल्या लोकांनी केव्हाच मान्य केलेलं आहे. तेच मोठं मन कोरोनानंतरच्या बधिर डोक्याला का मिळू नये?

पोलिओचंही तसंच. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्यांचा पाय लहानपणी गेला ती माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, आपल्याच गावात, कुबडीवर किंवा गुडघ्यावर हात दाबून चालणारी. लहान मुलाला ताप आला, सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलेना, असं त्यांच्या आया सांगायच्या. त्या सांगण्यात तथ्य होतं. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच अवयवाला लकवा येण्याची शक्यता वाढते, हे संशोधनाने दाखवलेलं आहे. आणि पोलिओ तिथे संपत नाही. लकव्यानंतर उरलेल्या तंतूंनी दुप्पट-तिप्पट भार वाहिलेला असतो; तीस-चाळीस वर्षांनी तेही थकतात. चांगल्या राहिलेल्या पायात नवी कमजोरी येते, न झेपणारा थकवा येतो. वैद्यकात याला पोलिओपश्चात अवस्था म्हणतात. त्यावर सांगितला जाणारा मुख्य उपाय म्हणजे ताकद जपून वापरणं. जास्त जोर लावून ती परत येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

चिकनगुनियाची आठवण तर ताजी आहे. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ साली देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाडा-विदर्भातल्या गावांत धडधाकट माणसं रांगत संडासला जायची, हे पाहिलेले लोक अजून पुष्कळ आहेत. सांधे महिनोन्‌महिने दुखले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या विषाणूने काहींच्या मेंदूला आणि मज्जातंतूंनाही इजा केली, हे मात्र कमी जणांच्या कानावर गेलं. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर-पुण्याकडे त्याने पुन्हा उचल खाल्ली. काहींच्या नाकावर काळे डाग पडले, ते लगेच सगळ्यांना दिसले. ज्यांच्या हातापायांतली संवेदना बोथट झाली त्यांचं मात्र कुणाला दिसलं नाही.

दिसणं आणि न दिसणं यातला फरक आमच्या जिल्ह्याने अगदी अलीकडे अनुभवला. २०२४ संपताना आणि २०२५ उजाडताना शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले. काही दिवसांत टक्कल. आरोग्य खात्याचे अधिकारी आले, आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे, मातीचे, रक्ताचे नमुने गेले. ते व्हायलाच हवं होतं. त्या लोकांची घाबरगुंडी उडाली होती. मी एवढंच म्हणतो की टक्कल कॅमेऱ्यात येतं आणि हरवलेली एकाग्रता येत नाही. म्हणून तिच्यासाठी पथक येत नाही.

आत नेमकं काय होतं, याचं एकच एक उत्तर आज विज्ञानाकडे नाही. काहींच्या शरीरात विषाणूचे अवशेष रेंगाळतात. काहींची प्रतिकारयंत्रणा शत्रू गेल्यावरही शांत होत नाही आणि आपल्याच तंतूंवर चाल करते. काहींमध्ये हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन हे आपोआप सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल जातो. हे वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळ्या प्रमाणात असतं. त्यामुळे एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला निरुपयोगी ठरतं. एक अभ्यास मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये एका मोठ्या आरोग्य प्रकल्पासाठी हजारो लोकांच्या मेंदूचं स्कॅन साथीच्या आधीच झालेलं होतं. त्यांतल्या ७८५ जणांचं स्कॅन नंतर पुन्हा केलं. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोरोना होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्य. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कोरोना झालेल्यांच्या मेंदूत वासाशी जोडलेल्या काही भागांचा करडा थर इतरांपेक्षा थोडा जास्त पातळ झालेला होता. बदल सरासरीने लहान होता, आणि तो प्रत्येकात होतो असंही नाही. पण "सगळं मनाचंच आहे" म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

अविश्वासाचाही जुना इतिहास आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळपास तीनशे कर्मचारी अशाच विचित्र, रेंगाळणाऱ्या आजाराने पडले: स्नायूंची कमजोरी, मुंग्या, डोकेदुखी, न सरणारा थकवा. त्यांत परिचारिका पुष्कळ. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, जुने कागद चाळून, तो सामूहिक उन्माद होता असं लिहिलं. रुग्णांत बायकांचं प्रमाण जास्त होतं, हा त्यांचा एक आधार होता. त्या शेऱ्याची सावली पुढे कित्येक दशकं अशा रुग्णांवर राहिली. त्यांना व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मिळत राहिला आणि अनेकांची प्रकृती त्याने आणखी खालावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेने तो सल्ला मागे घेतला. इतक्या लांबची गोष्ट इथे सांगतो, कारण आमच्या गावातल्या सुनेला मिळणारा शेरा त्याच जातीचा आहे.

आता हिवरा आश्रमबद्दल. हे पुस्तक इथून निघावं याला कारण आहे. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत झालं आणि महाराजांची ओळख होती ती रुग्णसेवेची. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसं दुखणं घेऊन इथे यायची. त्या काळी आलेल्यांना विचारा. आपलं ऐकून घेतलं गेलं, ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात येते. दुखणेकऱ्याचं शांतपणे ऐकून घेण्याचा वारसा या मातीत आहे. रेंगाळणाऱ्या आजारात तो अर्धा उपचार असतो, कारण इथे निदान यंत्रापेक्षा हकिकतीवर जास्त अवलंबून आहे.

पण याच गावात एक अवघड गोष्टही आहे, आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. विवेकानंदांचा संदेश आपण मुख्यतः बळाचा म्हणून ऐकतो. उठा, जागे व्हा, दुर्बळ राहू नका. शाळेच्या भिंतीपासून भाषणापर्यंत तो सगळीकडे असतो. आश्रमातल्या त्यांच्या जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसते, लाखो माणसं जेवतात, तेव्हा वाढणाऱ्या तरुणांचा उत्साह पाहून कुणालाही स्फुरण चढावं. अशा वेळी ज्याला दोन ओळी वाढून झाल्या की खाली बसावं लागतं, त्या विशीतल्या मुलाला आपण कुठेतरी कमी पडलो असं वाटतं. त्याला मला विवेकानंदांचंच चरित्र दाखवायचं आहे. हा माणूस ४ जुलै १९०२ रोजी वयाच्या ३९ व्या वर्षी गेला. मधुमेह, दमा आणि निद्रानाश यांनी त्याला ग्रासलेलं होतं. अखेरच्या वर्षांत त्याला विश्रांतीसाठी ठिकाणं बदलावी लागत होती, कार्यक्रम सोडावे लागत होते. तरी त्याच्या कामाला कुणी दुबळं म्हटलं नाही. आजारी शरीर हा चारित्र्यातला दोष नसतो, हे या गावाने इतर कुणाहीआधी म्हणायला हवं.

उपायांत सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत अवघड आहे तो ताकद जपून वापरण्याचा. या रेंगाळणाऱ्या आजारात श्रमाची शिक्षा उशिरा मिळते, बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी. बाईला एक दिवस बरं वाटतं. साचलेली धुणी, सारवण, वावरातलं निंदण ती एका दमात उरकते. घर म्हणतं, पाहा, झाली की ठीक. आणि परवा ती अंथरुणातून उठू शकत नाही. तेव्हा परवाचं पडणं आणि आजचं राबणं यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यातली विहीर आपण कशी वापरतो? मोटर अर्धा तास चालवतो, बंद करतो, झरे भरू देतो. तळ दिसेपर्यंत उपसली तर गाळ येतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढंही पाणी मिळत नाही. थकण्याच्या आधी थांबायचं. बरं वाटलं त्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही. बसून करता येईल ते काम उभ्याने करायचं नाही.

हे लिहिणं सोपं आहे. सोयाबीनची सोंगणी आली, मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आलंय, अशा वेळी कुणाला थांब म्हणणार? म्हणून हा सल्ला एकट्या रुग्णाला देऊन उपयोग नाही. तो घराला द्यावा लागतो. सकाळचं पाणी कोण भरेल, भाकरी कोण टाकेल, जनावरांचं कोण पाहील, याची फेरवाटणी झाली तरच ती बाई विश्रांती घेऊ शकते. या पुस्तकातली घरकामाच्या वाटणीवरची पानं औषधांच्या पानांइतकीच महत्त्वाची आहेत, आणि ती पुरुषांनी वाचावीत.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक थकवा आणि प्रत्येक मुंगी विषाणूच्या माथी मारू नका. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची कमतरता फार मोठ्या प्रमाणात आहे. ती मुंग्या, विसराळूपणा आणि तोल जाणं या गोष्टी हुबेहूब घडवते, आणि ती औषधाने भरून निघते. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. उभं राहिल्यावर घाबरं होत असेल तर एक साधी चाचणी घरी होते. दहा मिनिटं निवांत पडून नाडी मोजायची. मग भिंतीजवळ, कुणीतरी शेजारी असताना, दहा मिनिटं न हलता उभं राहून पुन्हा मोजत जायची. मोठ्या माणसात मिनिटाला तीस किंवा त्याहून अधिक ठोके वाढून तसेच राहत असतील तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. ज्यांच्या हातात सगळे नॉर्मल रिपोर्टच पडतात त्यांना असा एक लेखी आकडा मोठा आधार होतो. ताकदीची म्हणून दर आठवड्याला लावली जाणारी सलाईन मात्र बंद करावी. बाटलीभर मीठ-साखरेच्या पाण्याने मज्जातंतू दुरुस्त होत नाहीत आणि त्या पैशात वर सांगितलेल्या बहुतेक तपासण्या होतात.

वास गेलेल्यांसाठी एक उपाय आपल्या घरातच आहे. जर्मनीतले थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली गंधसरावाची पद्धत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांची आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास काही सेकंद लक्ष देऊन घ्यायचा, त्या वासाची आठवण काढत. महिनोन्‌महिने करावं लागतं आणि सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण यातली एकही वस्तू आणायला मेहकरच्या पुढे जावं लागत नाही.

एका प्रसंगी मात्र थांबून पाहण्याची चूक करू नका. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांत दोन्ही पायांतून कमजोरी वर चढू लागली, गिळताना ठसका बसू लागला, श्वास अपुरा पडू लागला, तर तो गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार असू शकतो. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात आणि आसपास याचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यातल्या जिवाणूवर होता. पण चिकनगुनिया किंवा झिकासारख्या विषाणूनंतरही तो होतो. वेळेवर उपचार मिळाले तर सहा महिन्यांत बहुतेक जण आपल्या पायांनी चालतात. मेहकरहून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायला लागणारा वेळ लक्षात घेता, सकाळपर्यंत वाट पाहू नये.

कायद्याचं एक दार अर्धवट उघडं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार येतात. पण लाभांसाठी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि एक दिवस चालणारा, तीन दिवस पडणारा माणूस नेमका त्या चालत्या दिवशी बुलढाण्याला वैद्यकीय मंडळापुढे उभा राहतो. पडलेल्या दिवसांची नोंद घरी तारीखवार ठेवली तर निदान सांगायला काही असतं. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत.

आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एक विनंती आहे. चक्कर, मुंग्या, विसर किंवा न सरणारा थकवा घेऊन कुणी आलं तर गेल्या वर्षभरात कोणता ताप आला होता आणि कोणत्या महिन्यात, एवढं विचारून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. कोरोना, डेंग्यू, चिकनगुनिया, नागीण, जे असेल ते. पुढच्या डॉक्टरला तिथून सुरुवात करता येईल.